पूर्ण तिकिटाचा माणूस

आमच्या रोहिणखेडात मुलाला एकच वय नसतं. प्रसंग पाहून ते काढतात. एसटीत ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही आणि ५ ते १२ पर्यंत अर्धं, म्हणून मोताळ्याच्या गाडीत पोरगं पावणेपाच वर्षांचं असतं. दोन-तीन उन्हाळे ते पावणेपाचावरच मुक्कामाला राहतं. कंडक्टरने त्याच्या पडलेल्या दातांकडे पाहिलंच, तर आई आधीच सांगून मोकळी होते, "अंगानं भरेल हाय, मामावर गेला." तेच पोरगं जूनमध्ये पहिलीत नाव घालायला नेलं की सहा पूर्ण. आमच्या पिढीत गुरुजी जन्मतारखेची फार चिकित्सा करत नसत. १ जून लिहून मोकळे होत, त्यामुळे निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. आज्यांचा १ जानेवारीला येतो, कारण आधारवाल्याच्या मशीनला तारीख हवी होती आणि आजीला एवढंच माहीत होतं की आपण पोळ्याच्या करीला जन्मलो.

अशा गावात मागच्या महिन्यात एका घरात प्रश्न निघाला, की पोट्टं थीम पार्कला न्यायला किती वर्षांचं असावं लागतं. प्रश्न पुण्याहून आला. गावात असे प्रश्न निघत नाहीत, ते पुण्याच्या काकांकडून फोनवर येतात. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली सुरू झालं, तेव्हापासून काकांच्या सोसायटीतली सगळी मुलं तिथे जाऊन आली आहेत, काही तर दोनदा. "अरे, पाच वर्षांचा झाला ना तुझा? मग केव्हा नेणार?" असं काका म्हणाले. वास्तविक पोरगं त्या दिवशी एसटीच्या हिशेबाने पावणेपाचाचं होतं, पण पुण्यापुढे कोणी बोललं नाही.

संध्याकाळी विषय ओट्यावर आला. ओट्यावर आलेला विषय घरचा राहत नाही.

पहिलं मत आजीचं. "एवढ्याशा लेकराले काय समजते थ्या पाळण्यातलं? घाबरून जाईन." दुसरं मत पाटबंधारेतून निवृत्त झालेल्या आबांचं. त्यांनी मानसशास्त्रावर काहीतरी वाचलेलं आहे आणि ते विसरायला ते तयार नाहीत. माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही, आणि त्यानंतरचंही बरीच वर्षं तुटकतुटकच आठवतं, असं त्यांनी बजावलं. म्हणजे आज हजारो रुपये घालून नेलं, तर मोठेपणी त्याला आठवेल फार तर रांगेतला घाम. यावर पोराच्या चुलत्याने जे उत्तर दिलं त्याला ओट्यावर तोड निघाली नाही. "त्याले नाही आठवलं तं नाही. फोटो हाय ना. स्टेटस त्याच्यासाठी ठेवतेत का?"

इथे हिशेब निघाला, आणि हिशेब निघाला की आमच्याकडे डोकी चालायला लागतात. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ च्या पुढच्यांना एसटी फुकट. २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट. पोरगं पाचाच्या आत धरलं तर त्याला काही नाही. म्हणजे आजी फुकट, आई अर्धी, लेकरू फुकट. अख्ख्या कुटुंबात पूर्ण तिकिटाचा माणूस एकच, बाप. चुलत्याने जाहीर केलं की प्रवासाचा खरा मुहूर्त पोराच्या वयावर काढायचाच नसतो. आजी ७५ ला पोचलेली आणि नातू ५ च्या अलीकडे रेंगाळलेला, असा योग एका घरात एकदाच येतो. तो चुकला की पुढच्या पिढीपर्यंत थांबा. आजीच्या आधारवर १ जानेवारी असल्याने योग या सालापुरता पक्का होता. रेल्वेने जायचा विचारही निघाला, मलकापूरहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस पकडायची आणि कल्याणला उतरायचं. पण २०१६ पासून ५ ते १२ च्या मुलाला झोपायला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. रेल्वेच्या लेखी लेकरू बसलेलं असलं की अर्धं आणि आडवं झालं की पुरं. रेल्वे बाद झाली.

कोणीतरी म्हणालं, भेंडवळला विचारावं. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट मांडतात. मातीच्या घागरीभोवती अठरा धान्यं, पापड, कुरडई, वडा असा थाट असतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून वर्षभराचं भाकीत सांगतात. पाऊस कसा, पीक कसं, भाव कसा, राजा टिकेल की जाईल, सगळं. त्यात रोलर कोस्टरची सोय नाही. पण विचारणारा माणूस अगदी चुकीच्या दाराशी गेला होता असं म्हणवत नाही, कारण आमच्या तालुक्यात पोरं किती वर्षांची झाली हे शेवटी कापूस ठरवतो.

२०२१-२२ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ५,७२६ रुपये आणि खुल्या बाजारात क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्या वर्षी आमच्याकडची लेकरं एकाएकी मोठी झाली. साडेतीन वर्षांची पोरगीसुद्धा "आता समजते तिले सगळं" या सदरात गेली. गाड्या ठरल्या, वॉटर पार्क झाले, कोणी थेट मुंबई पाहून आलं. पुढच्या हंगामांत भाव आधी आठवर आणि मग सातवर आला, आणि तीच लेकरं परत लहान झाली. "अजून नाही समजत त्याले. पुढच्या साली पाहू." बालमानसशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात हा टप्पा दिलेला नाही. तिकडच्या तज्ज्ञांना सरकीचा भाव ठाऊक नसतो. शिवाय शाळेची सुट्टी मे महिन्यात येते, आणि मे महिन्यात शेतकऱ्याच्या हातातला पैसा हा त्याचा नसून जूनमधल्या बियाण्याचा असतो. तेव्हा मे महिन्यात आमचं प्रत्येक मूल थोडं लहानच असतं.

पूर्वी याची वेगळी सोय होती. शेगावला आनंदसागर होतं. गजानन महाराज संस्थानाने उभारलेलं, मधोमध तळं, तळ्यात ध्यानकेंद्र आणि भोवती फिरणारी झुकझुक गाडी. तिथे न्यायला वय लागत नसे, कारण जायचं ते दर्शनाला. कडेवरचं मूल दर्शनाला चालतं आणि मग गाडीतही आपसूक बसतं. खर्च देवाच्या नावे पडत असल्यामुळे घरात कोणी हिशेब मागत नसे. हा सुवर्णमध्य आनंदसागर काही वर्षं बंद राहिल्याने हातचा गेला, आणि मूल केव्हा मोठं होतं हा प्रश्न लोकांना स्वतःच्या डोक्याने सोडवायची वेळ आली.

ओट्यावरची सभा मोडायला आली होती तेवढ्यात गावातल्या एका घरचा कॅलिफोर्नियात असलेला मुलगा व्हिडिओ कॉलवर सापडला. तो म्हणाला, आमच्याकडे डिस्नेलँडला ३ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, म्हणून आम्ही पोरीला तिसऱ्या वाढदिवसाच्या आधीच्या शनिवारी नेऊन आणलं. ओटा क्षणभर गप्प झाला. मग आबा समाधानाने म्हणाले, "म्हंजे तेथीबी पावणेपाचच हाय." १९५५ साली उघडलेल्या त्या डिस्नेलँडचा आणि मोताळ्याच्या एसटीचा कारभार एकाच तत्त्वावर चालतो, हे ऐकून अमेरिकेबद्दलचा आदर ओट्यावर जरा वाढला.

पण त्याच मुलाने पुढे जे सांगितलं त्याने सगळ्यांचा हिरमोड झाला. तिकडे मोठ्या खेळात बसायला वय कोणी विचारतच नाही. दारात पट्टी असते. स्पेस माउंटन नावाच्या खेळाला १०२ सेंटिमीटर उंची लागते. त्याखाली असलात तर बाजूला व्हा. इमॅजिकातही नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरला उंचीची अट आहे. म्हणजे मामावर गेला, अंगानं भरला, हे सगळं तिथे फुकट. मराठी आईच्या शब्दावर विश्वास न ठेवणारी संस्था रोहिणखेडाने पहिल्यांदाच पाहिली.

लगेच पोराला बोलावलं. शिंप्याकडून टेप आला. ओट्याच्या खांबाला पोराची पाठ टेकवली. मग मोठी ओढाताण झाली. सवलतीच्या तिकिटासाठी मूल लहान दिसायला हवं आणि पाळण्यासाठी मोठं. आई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होती, "गुडघे जरासे वाकव." चुलता म्हणत होता, "टाचा उचल." आजीने तेल लावून केस चप्प बसवले, तर चुलत्याने ते बोटांनी उभे केले. पोरगं दोन्ही आज्ञा एकदम पाळायला गेलं आणि खांबावर आपटलं. या गडबडीत अंगणवाडीताई पाणी भरून चालल्या होत्या. त्यांनी घागर खाली न ठेवताच विचारलं, "कायले मोजून राहिले? माझ्यापाशी लिहिली हाय. एकशे तीन."

ताईंचं म्हणणं खरं होतं. गावात मुलांची उंची नेमाने मोजणारी ती एकच बाई. आता ही उंची मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ५ वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ११० सेंटिमीटर दिली आहे, आणि १०१ च्या आत गेलं की मूल खुजं धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ५ वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं या खुज्यांत मोडतात. तेव्हा पाच वर्षांच्या खुज्या मुलाला अंगणवाडीच्या तक्त्यात जागा आहे, स्पेस माउंटनमध्ये नाही. ताई म्हणाल्या, "वजन वाढवा म्हणून सहा महिने सांगून राहिली, तवा कोनी टेप नाही आणला." ओट्यावरच्या कर्त्या पुरुषांना त्याच क्षणी आपापल्या बैलांची आठवण झाली.

राहिले गुरुजी. गुरुजी इतिहासाचे. गावातली खुदावंतखानाची १५८२ सालची मशीद बाहेरच्या माणसाला दाखवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. ते म्हणाले, मुलाचं वय झालं की नाही हा वाद या गावाला नवा नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटी अहमदनगरच्या गादीवर जमालखानाने इस्माईल नावाचा कोवळा पोर बसवला, कारण त्याच्या मते पोराचं वय झालं होतं, म्हणजे जमालखानाला कारभार करण्याइतकं झालं होतं. पोराचा बाप बुऱ्हाण याचं मत वेगळं पडलं. तो फौज घेऊन आला, इथेच रोहिणखेडला लढाई झाली, जमालखान पडला, आणि बापाने पोराला उतरवून गादीवर स्वतः बूड टेकलं. "सांगायचा मुद्दा असा," गुरुजी म्हणाले, "की पोराचं वय हा प्रश्न जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा बसायचं दुसऱ्याच कोणाला असतं."

सगळ्यांच्या नजरा पोराच्या बापाकडे वळल्या. तो एवढा वेळ एक अक्षर बोलला नव्हता. मोबाइलवर नायट्रोचा व्हिडिओ पाहत होता, आवाज बंद करून. आबांनी त्याला लहानपणापासून पाहिलेलं आहे. नव्वदीत दूरदर्शनवर एस्सेल वर्ल्डची जाहिरात लागली की हा पोरगा जेवणावरून उठून यायचा. गोराईचं ते एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं. याच्या बापाने तेव्हा सांगितलं होतं, अजून लहान आहेस. मग दहावी आली, मग बहिणीचं लग्न, मग बोअर, मग स्वतःचं लग्न. हा खरोखर मोठा झाला आणि हातात चार पैसे आले तोवर २०२२ साली एस्सेल वर्ल्ड बंद पडलं. आणि चाळिशीला आलेला शेतकरी गडी गावात कोणत्या तोंडाने सांगणार, की मी पाळण्यात बसायला खोपोलीला चाललो? कारण पाहिजे. कारण घरात पावणेपाच वर्षांचं तयार होतं.

"समजा," आबांनी त्याला सरळ विचारलं, "तेथी गेल्यावर पट्टीपाशी पोट्टं कमी पडलं, तं काय करशीन?"

"आजीपाशी थांबंल ना थो," बाप म्हणाला. उत्तर इतकं तयार होतं की आजीने पदर तोंडाला लावला.

"अन् रडलं तं?"

"आइस्क्रीम घेऊन द्याचं. म्या दोन चकरा मारून येतोच."

पोराची आई एवढा वेळ दारात उभी होती. ती म्हणाली, "दोन कायले? पैसे भरेल हायेत तं मलेबी बसू द्या एक चक्कर." यावर ओट्यावर कोणालाच मत सुचेना. रात्री पुण्याला फोन गेला, की या सुट्टीत येतो, पोरगं आता मोठं झालं. काकांनी तिकिटं किती काढायची ते विचारलं. मोठ्यांची दोन पक्की, एवढं बापाने लगेच सांगितलं. लहानाचं काढायचं की नाही ते पट्टीपाशी पाहू म्हणाला, आणि आजीला पार्कातही एसटीसारखी काही सवलत आहे का याची चौकशी करायला काकांना सांगितलं.