नियमशास्त्री

अमेरिकेतल्या गेम स्टोअरमध्ये संध्याकाळी डोकावलात, तर मागच्या घडीच्या टेबलाशी पाच-सात अनोळखी माणसं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' मांडून बसलेली दिसतील. कुणी योद्धा, कुणी चेटकी. त्यांत नियमशास्त्री ओळखणं सोपं. बाकीचे फासे काढतात, तेव्हा हा पुस्तक काढतो.

'प्लेयर्स हँडबुक', 2014ची आवृत्ती, कडेला रंगीबेरंगी खुणा. सोसायटीच्या सभेला उपविधी घेऊन येणाऱ्या निवृत्त गृहस्थांचाच हा धाकटा भाऊ, फक्त ड्रॅगनच्या टीशर्टातला. 1974 साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा हा खेळ आला, तेव्हा तीन पातळ पुस्तिकांत मावत होता. हा तेव्हा असता तर उपाशी मेला असता.

एखादी नवखी मुलगी धीर करून पहारेकऱ्याला थाप मारते. वीस बाजूंच्या फाशावर नेमकं वीसचं दान! टेबल टाळ्या पिटतं. हा घसा खाकरतो.

"विसावर हमखास लागतो तो वार. थापेला ती सवलत नाही."

टाळ्या विरतात. पुढे कुणी आवेशात आगीचा गोळा फेकायला निघालं, की "त्रिज्या वीस फूट. आपला पुजारी आत येतोय." पुजारी चालवणारा तेवढा कृतज्ञ. खेळ चालवणारा बिचारा डंजन मास्टर ड्रॅगनला भीत नाही. याचं बोट वर गेलं की मात्र त्याच्या पोटात गोळा येतो. आणि वैताग असा, की गडी चुकत नाही.

पण पक्षपाती म्हणाल, तर मुळीच नाही. त्या दिवशी याचाच योद्धा बेशुद्ध पडला. मृत्यूशी झुंजीचं पहिलं दान हुकलं, वर एका गॉब्लिननं येऊन सुरा खुपसला. डंजन मास्टरला दया आली. "एकच हुकलं धरू. अजून एक संधी आहे तुला."

बोट वर गेलं.

"बेशुद्धावर पाच फुटांच्या आतून वार लागला, तर तो जिव्हारीच. दोन हुकली. एकूण तीन."

"अरे, म्हणजे तू मेलास!"

"मेलोच," तो समाधानानं म्हणाला, आणि बॅगेतून दुसऱ्या योद्ध्याचा कागद काढला. आधीच भरलेला, पेनानं.