कोर्टाची पायरी चढण्याआधीच्या पायऱ्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आजोबांनी तुम्हाला सांगितलंच असेल. तुम्हाला मात्र काळा कोट घालून तिथेच ठाण मांडायचंय, आणि तेही राष्ट्रीय विधी विद्यापीठात शिकून. हरकत नाही. सूचना क्रमाने पाळा.

१. कारण तयार ठेवा. 'न्यायासाठी लढायचंय' हे आत्याला सांगायला उत्तम. गणिताला घाबरून इकडे आलात, हे बाहेर फुटू देऊ नका. या विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे क्लॅटमध्ये, १२० प्रश्नांत दहा-बारा गणिताचेही असतात, ही बातमी अर्जाचे ४,००० रुपये भरून झाल्यावरच वाचा.

२. अकरावीतच क्लास लावा. तिथे कोणी तरी हमखास म्हणेल, 'तू नववीपासून नाही आलास?' अशा वेळी मान खाली घाला. कोर्टातही उपयोगी पडेल.

३. कायदा विसरा. ही पायरी सर्वांत अवघड, तेव्हा इथे घाई नको. कायद्याच्या विभागात आधीचं ज्ञान लागत नाही, असं परीक्षा घेणारेच सांगतात. उताऱ्यात जो नियम दिला असेल, तोच खरा. समजा नियम आहे : फळ ज्याच्या अंगणात पडलं, त्याचं. आता रत्नागिरीच्या काकांनी शेजाऱ्याशी आंब्यावरून वीस वर्षं दावा चालवलाय, आणि लहानपणापासून जेवताना तुम्ही त्याच्या तारखा ऐकल्यात. तरी शेजाऱ्याच्या अंगणात पडलेला आंबा शेजाऱ्याला देऊन टाका. काकांची बाजू घेतलीत की पाव गुण गेला. घरात वकील नसलेली मुलं इथे पुढे जातात. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांची वकिली आहे, त्यांच्याबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

४. रोज इंग्रजी पेपर वाचा, अग्रलेखासकट. मराठी माध्यमातून आलात? छान, मातृभाषेचा अभिमान हवाच. क्लॅट मात्र इंग्रजीतच होते. पुढे तालुका कोर्टात पक्षकार आपलं गाऱ्हाणं मराठीत मांडेल, तेव्हा मनातल्या मनात भाषांतर करून घ्या.

५. परीक्षेचे दोन तास म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, आणि त्यातच उतारेही वाचायचे. एकेक उतारा जवळजवळ या लेखाएवढा. समजून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

६. उत्तरतालिका आली की खरी परीक्षा सुरू. पैसे भरा, आक्षेप नोंदवा, वाट पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या पदवीच्या क्लॅटमधली काही उत्तरं बरोबर की चूक, हा वाद आधी दिल्ली उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला; तिथला निकाल आला मे २०२५ मध्ये. त्याआधी २०२० साली बंगळुरूच्या विधी विद्यापीठाने क्लॅट सोडून स्वतःची निराळी परीक्षा घेतली, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. थोडक्यात, तुमचा प्रवेश अर्ज हाच तुमचा पहिला खटला, आणि त्यात तुम्ही पक्षकार. तारीख मिळेल.

७. दिल्लीचं विधी विद्यापीठ क्लॅटच्या रांगेत उभं राहत नाही. त्याची प्रवेश परीक्षा, आयलेट, वेगळी, फीही वेगळी. भरा.

८. जागा मिळाली, पण हवी ती नाही? मग 'फ्रीज' (आहे ती पक्की), 'फ्लोट' (बरीची वाट पाहा) की 'एक्झिट' (बाहेर पडा) ते ठरवा. घरचे सगळे एकमताने जे सांगतील, त्यापेक्षा वेगळं काही करण्याची हिंमत तुमच्यात नाही, हे आम्ही धरून चालतो.

९. हाताशी महाराष्ट्राची विधी प्रवेश परीक्षा, म्हणजे एमएच-सीईटी, ठेवा. ही मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे नातेवाईक तिला परीक्षा मानत नाहीत. पण मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय इथूनच मिळतं. ते १८५५ पासून चालू आहे, डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य होते, आणि फी ऐकून वडील पुन्हा एकदा विचारतील, 'वर्षाची की महिन्याची?' खरी चाळणी लागते ती कागदपत्रांची. डोमिसाइल काढा, नॉन-क्रिमीलेअर काढा, दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकाच माणसाचं आहे याचं प्रतिज्ञापत्र करा. सेतू केंद्रात 'सर्व्हर डाउन' असेल तर चहा पिऊन या. जात पडताळणीचं प्रकरण मात्र आजच दाखल करा. अभ्यासाचं नंतर बघू.