दोन सिंहस्थ आणि एक फाइल

१ नोव्हेंबर १९९६ रोजी मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचून गेला. कसारा घाट उतरून गेलेल्या नाशिककर हौशींना मागच्या रांगेतून तो करंगळीएवढा दिसला असणार, उरलेला पडद्यावर. खरा दमदार कलाकार मात्र मंत्रालयात होता: करमणूक कर माफीची फाइल! आयोजनात ठाकरेंची शिव उद्योग सेना, सरकार युतीचे. माफी घरच्या घरी मिळाली. परदेशी थेरांनी संस्कृती बुडते, हा एरवीचा सूर लावणारा घसा त्या संध्याकाळी नेमका बसला होता. मग प्रकरण कोर्टात गेले आणि फाइलीने मूनवॉक धरला. पाय पुढे पडताना दिसायचे, अंग मागे सरकायचे. २००९ मध्ये जॅक्सन वारला, फाइल ठणठणीत. गोदाकाठी २००३ चा सिंहस्थ झाला, २०१५ चाही झाला. साधू आले, न्हाले, गेले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने माफीवर पुन्हा शिक्का मारला आणि अडकून पडलेली ३ कोटी ३३ लाखांवर रक्कम आयोजक कंपनीकडे परतायची वाट मोकळी झाली. मुख्यमंत्री तेव्हा ठाकरेच होते, हा निव्वळ योगायोग. नाट्यगृहाच्या भाड्यात सवलत मागणाऱ्या नाशिकच्या हौशी मंडळांनी अर्जावर नातवाचेही नाव घालून ठेवावे.