कॉन्टेसाकाका

रविवारी सकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत काकांशी बोलायचं, तर त्यांच्या पाठीशी बोलावं लागतं. कमरेच्या वरचे काका बॉनेटखाली असतात. "दहाचा पाना दे रे," एवढं ऐकू येतं. मी निघालेलो असतो दूध आणायला. पण दहाचा आणि बाराचा पाना आता मी अंधारातही ओळखतो.

जुन्या गाड्यांचे भक्त पुण्यात गल्लोगल्ली आहेत. कुणाची येझदी, कुणाची लँब्रेटा, कुणाची पद्मिनी. कॉन्टेसावाल्यांचा संप्रदाय मात्र निराळा, कारण त्यांच्या मते ती 'आपली मसल कार' असते. आता मसल कार म्हणजे अमेरिकेतली १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ; तिच्यात ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं, सव्वातीनशे घोड्यांचं इंजिन होतं. हिंदुस्तान मोटर्सनं १९८४ साली इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलवर बेतलेली कॉन्टेसा कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात काढली. लांब नाक, रुंद छाती, सगळं जागच्या जागी. आत बसवलं अँबॅसडरचं १४८९ सीसीचं इंजिन! घोडे पन्नासच्या आसपास. देह बंद्या रुपयाचा, काळीज चाराण्याचं.

हे काकांना म्हणून दाखवू नये. लिटरला किती देते, हे तर मुळीच विचारू नये. एका जावयानं विचारलं होतं. त्याला त्या दिवाळीत पार्किंगच मिळालं नाही.

घोडे वाढवणं हे काकांचं निवृत्तीनंतरचं कार्य. पुढे कंपनीनंच या गाडीत इसुझूचं १.८ लिटरचं, ८८ घोड्यांचं इंजिन घातलं होतं, जोडीला पाच गिअर. तसलंच एक काकांना हवं होतं. पण गाडीचं उत्पादन २००२ मध्ये थांबलेलं, म्हणजे शोध आला. नाना पेठेतली दुकानं झाली, जुन्या बाजाराचे बुधवार-रविवार झाले. शेवटी एका लग्नात, हातात अक्षता असताना फोन आला, "काका, इंजिन आहे. सांगलीला." पुढच्या मंगलाष्टका काकूंनी एकटीनं ऐकल्या.

इंजिन बसवणं एक, आणि त्याचा नंबर आरसीवर चढवणं दुसरं. या दुसऱ्याचा विषय निघाला की काका पाना खाली ठेवून पाणी मागतात. म्हणून मी तो काढत नाही.

दरम्यान जुन्या इंजिनाची सेवा चालूच होती. पॉइंट घासणं, प्लग साफ करणं, कार्बोरेटर खोलणं, तो पुन्हा लावताना एक स्क्रू उरणं. टॅपेटची फट ते फीलर गेजनं मोजतात आणि मग कानानं तपासतात. "ऐक. टकटक ऐकलीस?" मला दुसऱ्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू येतो. मी "हो" म्हणतो. अलीकडे त्यांचा राग पेट्रोलातल्या वीस टक्के इथेनॉलवर आहे. त्यानं जुने रबरी पाइप आणि सील खराब होतात, हे खरंच आहे. पण काका ते व्यक्तिगत घेतात. "चाळीस वर्षं निर्व्यसनी ठेवली रे हिला," ते म्हणाले, "आता पंपावरच पाजतात."

काकूंचं म्हणणं एवढंच, की या माणसानं घरातल्या मिक्सरचा आवाज एकदा असा कान लावून ऐकावा.

परवा एकदाचं इसुझू बसलं, कागदही झाले. काकांनी मला पुढच्या सीटवर घेतलं. कर्वे रस्त्याला ८८ घोडे रिक्षाच्या मागे चालले. कात्रजच्या घाटात मात्र वाट मोकळी मिळाली आणि गाडी अशी चढली की मीच दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. इंजिन गरम होईना, धूर नाही, खोकला नाही. मी म्हटलं, "काका, जिंकलात!" काका गप्प. पुढच्या वळणावर पुन्हा गप्प. त्यांचा एक कान सारखा पुढे झुकलेला. तिथून काहीच तक्रार येत नव्हती.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून बॉनेट उघडलं.

मागून येणारा एक मोटरसायकलवाला थांबला. "काय काका, बंद पडली का?"

"नाही हो," काका म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. "पण या ना, दाखवतो."

मी तीन चहा सांगितले.