ठिबकसाहेब

इंग्लंडातल्या एखाद्या शांत उपनगरात, घराला चिकटून असलेल्या गॅरेजात एमजीबी नावाची दोन आसनी उघडी स्पोर्ट्‌स कार उभी असते आणि तिच्याखाली पुठ्ठा पसरलेला असतो. या दोन्हींच्या निवृत्त मालकाला आपण ठिबकसाहेब म्हणू. ऍबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या, त्यामुळे साहेब काही दुर्मीळ नाहीत. त्यांच्याविषयीचा गैरसमजही तितकाच मुबलक आहे. लोक समजतात, या माणसाला वेगाचं वेड आहे. माझ्या मते वेड आहे ते नियोजनाचं. आणि ज्या गळतीपायी हे नियोजन चाललेलं असतं, ती बरीचशी या नियोजनामुळेच होत असते.

विधान आगाऊ वाटेल, म्हणून आधी इंजिनाकडे बघू. सुरुवातीच्या एमजीबीत क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. शाफ्टवर आट्यांसारखी चर कापलेली असे आणि शाफ्ट फिरू लागला की ती बाहेर निघालेलं तेल परत आत ओढी. युक्ती झकास, पण इंजिन फिरतं तोवरच. बंद केलं की उरलंसुरलं तेल निमूटपणे खाली उतरणार. कारखान्याला हे पुरतं ठाऊक होतं, याचा पुरावा गाडीच्या पोटातच आहे. क्लचच्या घराला तळाशी मुद्दाम एक भोक ठेवलंय आणि ते बुजू नये म्हणून त्यात सैलशी स्प्लिट पिन अडकवलीय. गाडी धावते, पिन खुळखुळते, भोक साफ राहतं. म्हणजे गळती गृहीत धरून तिला रीतसर वाट करून दिलेली, आणि त्या वाटेची झाडलोटही गाडी पळण्यावर सोपवलेली. साहेबांची गाडी मात्र पळत नाही. दुरुस्तीचा आराखडा पक्का व्हायचा असतो.

जाणकार इथे अडवतील: १९६४च्या अखेरीस पाच बेअरिंगचं इंजिन आलं, त्याला मागे रबरी सील आहे. कबूल. पण वर्षानुवर्षं उभ्या गाडीत रबर सुकतं, कडक होतं, आणि शाफ्टशी त्याचं जमेनासं होतं. शिवाय ठिबकणारं सगळंच तेल त्या सीलचं नसतं. वर रॉकर कव्हरखाली बुचाचं गॅस्केट असतं. ते पाझरलं की साहेब नट आवळतात, बुच चेपतं, पाझर वाढतो. ते तेल इंजिनावरून ओघळत मागे येतं आणि नेमकं क्लचच्या घरापाशी टपकतं. साहेब टॉर्च घेऊन आडवे होतात आणि निदान ठरतं: मागचं सील. हे निदान त्यांच्या मनातलंच असतं, कारण सील स्वस्त असलं तरी ते बदलायला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. एवढं उतरवायचंच तर क्लच प्लेट बदलू. इंजिनाची जागा रिकामी झाली तर रंग मारून घेऊ. रंग मारायचा तर जुनं वायरिंग कशाला ठेवायचं? आराखड्याला शेवट सापडावा म्हणावं, तर १९८८पासून या गाडीचा अख्खा सांगाडाही नवा मिळू लागला. सुटा भाग मिळत नाही म्हणून हात टेकायची सोय उरली नाही. आणि २०१८पासून चाळीस वर्षांपुढच्या बहुतेक गाड्यांना तिथल्या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. निदान एक तरी तारीख पाळायला लावणारं सरकार होतं, तेही बाजूला झालं.

उलट उदाहरण हवं तर आपल्याकडेच आहे. अँबॅसडरमध्ये अनेक दशकं याच घराण्यातलं, १४८९ सीसीचं बी-सीरीज इंजिन होतं. गळती तिलाही होती. पण कोलकात्याचा टॅक्सीवाला सकाळी डिपस्टिक ओढून बघे, कमी असेल तेवढं तेल ओती आणि भाडं शोधायला निघे. त्याच्याकडे सवड नव्हती, म्हणून गाडी चालत राहिली. साहेबांकडे सवडीशिवाय काही नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप: गळकी गाडी रस्त्यावर आणणं धोक्याचं नाही का? काही गळत्या खरंच धोक्याच्या आहेत. मागच्या चाकाच्या हबचं सील गेलं, तर ऍक्सलचं तेल ब्रेकच्या ड्रममध्ये शिरतं आणि ब्रेक लागेनासा होतो. तिथे माझा युक्तिवाद चालत नाही. ते काम आधी करायला हवं, गाडी नंतर. पण त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही, रंगाचा विषय निघत नाही, क्रेन भाड्याने आणावी लागत नाही, शेजारी बघायला येत नाहीत. त्यामुळे साहेबांच्या यादीत ते आहे जरूर, नव्या गालिच्यांच्या खाली.