नाकापेक्षा स्पिनर जड

भातकापणी उरकली की तानसाच्या आसपासची खाचरं मोकळी होतात आणि आम्हा मॉडेल विमानवाल्यांचा मोसम सुरू होतो. तलावावर उडवायचं नाही, कारण ते पाणी १८९२ पासून मुंबईचं आहे. अभयारण्यात उडवायचं नाही, कारण तिथल्या रहिवाशांना शांतता लागते. उरतं ते एखाद्या शेतकऱ्याचं खाचर, तेही त्याला विचारून. यातल्या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. माझी तक्रार स्पिनरबद्दल आहे.

स्पिनर म्हणजे प्रोपेलरच्या मध्यावर, नट झाकायला बसवतात ती निमुळती टोपी. तिने विमान वेगात पळतं, असं दुकानदार पैसे हातात पडेपर्यंत सांगत राहतो. हिशेब मात्र कुणी मांडत नाही. दहा इंची प्रोपेलरवर दोन इंची स्पिनर बसवला, तर फिरत्या चकतीचा ४ टक्के भाग झाकला जातो. मिनिटाला १०,००० फेऱ्या धरल्या तर पात्याचं टोक ताशी ४८० किलोमीटरने धावतं. मध्यापासून इंचभरावर तेच पातं शंभरीही गाठत नाही. म्हणजे झाकलं जातं ते मुळात कामचुकार खातं. नाकाशी हवा सुरळीत वळून विमानाला होणारा हवेचा विरोध ३ टक्क्यांनी घटला, असं उदार मनाने धरलं तरी वेग वाढतो जेमतेम १ टक्का. शर्यतीच्या विमानाला तेवढ्यावर बक्षीस मिळतं. माझं विमान ताशी साठने घिरट्या घालतं. ते ६०.६ ने घालू लागलं, तर बांधावरची म्हैसदेखील मान वर करणार नाही.

उलट बाजू मात्र लगेच कळते. एक ग्रॅम वजन मध्यापासून दोन सेंटीमीटर बाजूला गेलं, की तेवढ्याच फेऱ्यांना ते सव्वादोन किलोच्या जोराने बाहेर ओढतं. सेकंदाला १६६ वेळा, दिशा बदलत. मग स्क्रू ढिले होतात, टाकीतल्या इंधनाला फेस येतो आणि इंजिन हवेतच मान टाकतं. पातं स्पिनरच्या खाचेला टेकलं तर मुळाशी चरा पडतो, आणि चरा पडलेलं पातं कधी तुटेल याचा नेम नसतो. म्हणून खाच कानशीने घासायची. ती एकीकडे जास्त घासली जाते. मग स्पिनर पुन्हा असमतोल.

गुण सांगायचे तर दोन आहेत. स्टार्टरचा रबरी कप टेकवायला जागा होते. आणि शेपटी जड असलेल्या विमानाच्या नाकात शिसं भरण्याऐवजी जड धातूचा स्पिनर लावता येतो. वेगासाठी घेतलेली वस्तू वजनासाठी ठेवायची, याला व्यवहार म्हणतात.

विमान नाकावर उतरलं की पहिला फुटतो तो स्पिनर, आणि त्याचा स्क्रू भाताच्या धसकटांत कायमचा वस्तीला जातो. स्पिनरशिवाय उडवावं, तर बांधावरची पोरं वेग विचारत नाहीत. "दादा, याचं नाक कुठं गेलं?" एवढंच विचारतात. त्यावर १ टक्क्याचा हिशेब ऐकवून भागत नाही. म्हणून नवा मागवला. विमान लाल, स्पिनर निळा आला. रंगाने वेगात काही फरक पडत नाही, असं दुकानदाराने फोनवर सांगितलं. निदान एका बाबतीत आमचं एकमत झालं.