'एन', 'एस' आणि जीवनकौशल्यं

एप्रिल लागला की डोंबिवलीत आंब्याच्या पेट्यांबरोबर शिबिरांचे फलकही येतात. पूर्वी पोहणं आणि संस्कारवर्गावर भागायचं. आता 'जीवनकौशल्ये' शिकवतात, खाऊसकट. जागतिक आरोग्य संघटनेने अशी दहा कौशल्यं सांगून ठेवली आहेत: समानुभूती, चिकित्सक विचार, निर्णय घेणं, संवाद, ताणाशी जुळवून घेणं वगैरे. यादी वाचून आमची ही म्हणाली, "एवढं तर आम्ही रोज लोकलमध्ये ठाण्यापर्यंतच करतो."

खोटं नाही. चिकित्सक विचारच घ्या. इंडिकेटरवर 'एस' म्हणजे कर्जत आणि 'एन' म्हणजे कसारा. कल्याणपुढे रूळ फुटतात, एक फाटा आग्नेयेला आणि दुसरा ईशान्येला. त्यावरून ही अक्षरं. बदलापूरच्या मावशीकडे निघालेलं पोर 'एन'मध्ये चढलं, की शहाड, आंबिवली करत टिटवाळ्याला पोचतं. गणपतीचं दर्शन होतं, मावशीचं राहतं.

संवादाचा तास लेडीज डब्यात. चढल्या चढल्या बसलेलीला फक्त "कुठे?" विचारायचं. "घाटकोपर" म्हणाली, की "मग मला." झालं बुकिंग! पावती नाही, पण मोडून दाखवा. अख्खा डबा साक्षीला उभा राहतो.

बारा वर्षं पूर्ण झाली की रेल्वे पूर्ण तिकीट घेते. म्हणजे आमची आठवीतली कन्या रेल्वेच्या लेखी केव्हाच मोठी झाली होती. घरचा ठराव मात्र परवा पास झाला: ठाण्यातल्या नौपाड्याच्या आत्याकडे तिने एकटीने जायचं. आजीने पोळीभाजीचा डबा दिला, जणू मधे मुक्काम आहे. आईने प्रत्येक स्टेशनवरून फोन करायला सांगितलं. डोंबिवली ते ठाणे स्लो लोकलने मधे कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. म्हणजे पोरीला श्वास घ्यायला सवड नाही. मी काहीच सूचना केली नाही. तिच्या लेडीज डब्याशेजारच्या जनरल डब्यात चढलो.

दिव्याला माझाच फोन वाजला. "बाबा, जाळीतून दिसताय तुम्ही. दारात लटकू नका, आत सरका. आणि आईला सांगा, मी नीट आहे. मला सारखा फोन नको करू म्हणावं."

समानुभूती, निर्णय, संवाद, सगळं एका फोनमध्ये उरकलं पोरीने. ताणाशी जुळवून घेणं तेवढं आमच्या तिघांचं राहिलंय. पोरं तयार असतात हो, आपणच घरी थांबायला शिकलेलो नसतो. तेव्हा शिबिरवाल्यांनो, पुढच्या सुट्टीत पालकांची बॅच काढा. पहिली फी माझी. आणि पालकहो, तोवर पोराला एकदा कल्याणहून ठाण्याला एकटं पाठवा. मेगाब्लॉकचा रविवार निवडलात तर दहाही कौशल्यं एका फेरीत होतील.